आप्पांच्या घड्याळातला पाव तास

जुन्या कॅमेऱ्यात माणूस चालीवरून ओळखायचा आणि नव्या कॅमेऱ्यात चेहऱ्यावरून, एवढा फरक मी गिऱ्हाइकाला आधी सांगतो. बाकीचं नंतर. जुन्या चित्रात नाक-डोळे नसायचेच. राखाडी ठिपक्यांचा एक माणूस दुकानात शिरायचा आणि मालक पडद्याकडे बोट करून म्हणायचा, "ह्यो नामदेव. बगा ना, कसा डाव्या पायावर झुकत चालायलाय." मालकाचं सहसा बरोबर असायचं. ज्याला आपण रोज बघतो त्याला ओळखायला फार उजेड लागत नाही.

परभणीत मी आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, मग घरोघरी डिश बसवल्या आणि डिशचं पीक ओसरल्यावर कॅमेऱ्यांच्या धंद्यात आलो. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत, म्हणून वरची कामं मुलं करतात आणि मी खाली खुर्ची टाकून चित्रण साठवणाऱ्या पेटीसमोर बसतो. गेली काही वर्षं निम्म्याहून जास्त काम एकाच जातीचं येतं: जुने कॅमेरे काढा, नेटवर्कवाले बसवा.

बाहेरच्या माणसाला कळेल असं सांगायचं तर गोष्ट साधी आहे. जुन्या पद्धतीत प्रत्येक कॅमेऱ्यापासून पेटीपर्यंत एक जाड वायर जायची आणि तिच्यातून चित्र कच्चंच वाहत यायचं. वाटेत त्याला कुणीही धक्का मारावा. शेजारी कूलर सुरू झाला की पडद्यावर लाटा, पावसाळ्यात जोड गंजला की भर दुपारी धुकं. नव्या पद्धतीत कॅमेरा स्वतःच चित्राचे आकडे करतो आणि नीट बांधून पाठवतो. एकाच बारीक वायरीतून कॅमेऱ्याला वीज जाते आणि त्याच वायरीतून चित्र परत येतं. प्रत्येक कॅमेऱ्याला घर नंबरासारखा आपला नंबर असतो, त्यामुळे मालक पुण्याला लग्नाच्या पंगतीत बसून गल्ल्यावर कोण आहे ते मोबाईलवर बघू शकतो. आणि बघतोच. पंगतीत जिलबी वाढणाऱ्याकडे त्याचं लक्ष नसतं.

लोकांना वाटतं, बदलायचे म्हणजे कॅमेरे. खरं काम वायरीचं असतं. भिंतीत गाडलेली, उंदरांनी कुरतडलेली, कुणी तरी कधी तरी चिकटपट्टीनं जोडलेली जुनी वायर ओढून काढायची आणि नवी घालायची, तीही गेल्या दिवाळीला रंगवलेल्या भिंतीला ओरखडा न पडू देता. शिवाय आमच्याकडे काम एका दमात कुणी करत नाही. "पुढचं करून टाका, मागचं सुगी झाल्यावर बगू," असं ठरलेलं वाक्य. मग काही महिने एकाच मालकाच्या दोन जागी दोन पेट्या चालतात, पुढे नवी आणि मागे जुनी. वाचकांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचंच काम आहे.

या धंद्यात माणसं मात्र नमुनेदार भेटतात. पोखर्णीच्या रस्त्यावरच्या एका ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानातून खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी फोन आला की नवे कॅमेरे पार आंधळे झाले. जाऊन बघतो तर मालकीणबाईंनी दुकानातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली, तशी कॅमेऱ्यांचीही केलेली. प्रत्येकाच्या काचेवर हळदी-कुंकवाचं ठसठशीत बोट आणि वर झेंडूची माळ. मी काच पुसायला फडकं काढलं तर बाई म्हणाल्या, "आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या. त्यालाबी एक दिवस सुट्टी." मी फडकं खिशात घालून परत आलो. एवढं समजूतदार कारण मला कंपनीच्या माणसाकडूनही कधी मिळालं नव्हतं.

पूर्ण्याला रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गार्डसाहेबांचं घर होतं. पाय अधू, दिवसभर पलंगावर. अंगणातला कॅमेरा आणि समोरचा पडदा हाच त्यांचा विरंगुळा. मुलानं हौसेनं सगळं नवं करून दिलं. महिन्याभरानं मी सहज विचारलं, "आता कसं दिसतंय साहेब?" त्यांनी पडद्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "लय साफ दिसतंय हो. जुन्या कॅमेऱ्यात ही तुळशीला पाणी घालायला आली की मला अजून लग्नातलीच दिसायची. आता हिचा हात किती थरथरतो ते दिसायलंय." त्यांना जुना कॅमेरा परत बसवून देऊ का म्हणून मी विचारलंही. नको म्हणाले. एकदा दिसलेलं पुसता येत नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

पण मला सांगायचं आहे ते माणिकआप्पांच्या दुकानाबद्दल आणि तिथल्या गंगाधरमामांबद्दल.

मोंढ्यात आप्पांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. वडिलांच्या वेळचं. गल्ल्याच्या वर भिंतीला एक मोठं गोल घड्याळ आहे आणि ते कायम पाव तास पुढे असतं. बिघडलेलं नाही, मुद्दाम ठेवलेलं. आप्पांच्या वडिलांच्या काळात खेड्यातले शेतकरी बियाणं घेऊन, गप्पा मारून, चहा पिऊन उठायचे तोवर गावाकडची शेवटची एस.टी. निघून गेलेली असायची. मग तो माणूस बियाण्याची पिशवी उशाला घेऊन दुकानाच्या ओट्यावरच झोपायचा. म्हणून म्हाताऱ्यानं घड्याळ पुढे केलं. लोकांची गाडी चुकणं थांबलं. पुढे रस्त्यावर जीपा आणि मोटारसायकली आल्या, तरी घड्याळ तसंच राहिलं. आप्पांनी आपलं मनगटी घड्याळही त्याच्याशीच मिळवलेलं. एका खोलीत दोन वेळा त्यांना खपत नसत. दुकानातल्या सगळ्यांना हे माहीत होतं आणि जो तो मनातल्या मनात पाव तास वजा करून चालायचा.

गंगाधरमामा तिथे ऐन जवानीत लागले ते केस पांढरे झाले तरी तिथेच होते. झरीचे. थोडी शेती, ती मुलगा बघायचा. मामा सकाळच्या गाडीनं यायचे, शटर उघडायचे, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायचे आणि कामाला भिडायचे. ट्रक गल्लीत शिरत नसे, म्हणून माल दुकानासमोर उतरायचा आणि मामा तो हातगाड्यावर घालून मागच्या गल्लीतल्या गोदामात न्यायचे. दोन वळणं, एक पिंपळ, की आलंच गोदाम. गोदामाची किल्ली मामांच्या करगोट्याला असायची आणि ती त्यांनी कधी मागावी लागू दिली नाही.

दुकान आणि गोदाम दोन्हीकडचे पहिले कॅमेरे मीच लावले होते, जुन्या पद्धतीचे. तेव्हा मामा माझी शिडी धरून उभे असायचे. "दिगंबरराव, ह्याला झोप न्हाई का?" त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हणालो, "न्हाई मामा. रात्रंदिवस टक्क जागा." मामा म्हणाले, "मंग ह्याला पाप लागंल. सगळंच बगणं बरं न्हाई." मी हसलो. आप्पांना मी त्याच दिवशी ठासून सांगितलं होतं, "आप्पा, माणूस खोटं बोलेल, कॅमेरा न्हाई." आमच्या धंद्यात हे वाक्य सगळेच म्हणतात. कंपनीवालेच शिकवतात.

आप्पांनी नव्या पद्धतीचं काम काढलं तेही रीतीप्रमाणे अर्धं. "दुकानातलं करा. गोदामाचं सुगीनंतर." मी दुकानात नवी पेटी बसवली, कॅमेरे लावले, सगळं चोख. आठवड्याभरात आप्पांचा फोन.

"दिगंबरराव, तुमची पेटी माझं ऐकंना. म्या तिचं घड्याळ पुढं करायलोय अन् ती सकाळी पुन्ना मागं यायलीय."

मी त्यांना समजावलं की नवी पेटी इंटरनेटवरून वेळ विचारून घेते आणि रोज आपली आपण दुरुस्त होते. "आता ह्या घड्याळावर कुणाचाच जोर चालत न्हाई आप्पा," मी म्हणालो. आप्पा चिडले, मग हसले, मग विसरले. मीही विसरलो.

त्या वर्षी मृगाच्या तोंडावर कापसाच्या एका वाणाला एवढी मागणी आली की लोक पहाटेपासून दुकानासमोर चपला रांगेत ठेवून बसायचे. अशात ट्रक आला, माल उतरला, मामांनी तो गोदामात नेला आणि संध्याकाळी मोजणी केली तर दोन खोके कमी. एरवी दोन खोक्यांचं एवढं काही नाही, पण त्या दिवसांत त्या बियाण्यासाठी माणसं भांडायला उठत होती. आप्पांचा मुलगा विलास यानं दोन्ही पेट्यांवरचं चित्रण काढलं. दुकानातल्या नव्या कॅमेऱ्यात मामा भरलेला गाडा घेऊन निघताना दिसले. चित्र इतकं स्वच्छ की कपाळावरचा घामही दिसावा. गोदामाच्या जुन्या कॅमेऱ्यात तोच गाडा घेऊन एक राखाडी आकृती दारात आली. दोन्ही चित्रांच्या कोपऱ्यातल्या वेळा विलासनं शेजारी शेजारी ठेवल्या. दोन वळणांच्या वाटेवर मामांना पाव तासाहून जास्त वेळ लागला होता.

पुढचं मला आप्पांनी नंतर स्वतःच सांगितलं, एकही शब्द न गाळता. त्यांचा तो स्वभाव आहे.

विलासनं दुकानातल्या मोठ्या पडद्यावर चित्रं लावली. गिऱ्हाइकं होती, शेजारचे दुकानदार होते. आप्पांनी मामांना समोर उभं केलं.

"गंगाधर, ह्यो पाव तास तू कुठं व्हतास?"

मामा पडद्याकडे बघत राहिले. "कुठं न्हाई आप्पा. सरळ गेलो."

"सरळ गेलास तर एवढा वेळ? वाटेत थांबलास का? कुणाला भेटलास का?"

"न्हाई बा. थांबलो न्हाई."

"मंग हे काय हाय? हे मिशीन काय खोटं बोलायलंय का?"

मामांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. आपलाच चेहरा, आपलाच गाडा, कोपऱ्यात वेळ. बराच वेळ ते बघत होते. मग खाली बघून म्हणाले, "मिशीन म्हणायलंय तर थांबलो असंन, आप्पा. मला याद येईना."

लोकांनी ती कबुली समजली. आप्पांनीही. मामांनी करगोट्याची किल्ली सोडून गल्ल्यावर ठेवली आणि ते निघून गेले. कुणी त्यांना थांबवलं नाही.

त्याच संध्याकाळी आप्पांचा मला फोन आला होता. "तुमचा कॅमेरा लय कामाला आला बरं का, चोर घरातच सापडला." कोण म्हणून विचारलं तर म्हणाले, "आपला गंगाधर." मला काही तरी टोचलं, पण मी काय बोललो ते आता आठवत नाही. बहुतेक काहीच बोललो नाही.

खोके सापडले, तेही लवकरच. ट्रकवाल्यानं ते आदल्या मुक्कामी पूर्ण्याच्या एका दुकानदाराकडे उतरवले होते. त्या माणसानं स्वतःहून फोन करून सांगितलं. आप्पांना लाज वाटली. त्यांनी विलासला झरीला धाडलं, झालं गेलं विसर, कामावर ये म्हणून. मामा आले नाहीत. विलास निरोप घेऊन आला: "मामा म्हणतेत, माझ्यावर आता गोदाम सोडू नका." आप्पांना वाटलं, म्हातारा रुसला. त्यांनी दोन-तीनदा माणूस पाठवला, मग तेही थांबले. मनात कुठे तरी त्यांचंही अडकलेलं होतंच. खोके सापडले खरे, पण तो पाव तास सापडला नव्हता.

सुगी झाली, सोयाबीन बाजारात येऊन गेलं आणि ठरल्याप्रमाणे गोदामाच्या कामाला मला बोलावणं आलं. जुनी पेटी बंद करण्याआधी मी तिच्यासमोर थोडा वेळ बसतो. सवय आहे. इतकी वर्षं इमानानं चाललेली वस्तू, एकदा बघून घ्यावी. पडद्यावर गोदामाचं दार दिसत होतं, दारात नवा हमाल बिडी ओढत होता. कोपऱ्यातल्या वेळेकडे माझं लक्ष गेलं. मी खिशातून मोबाईल काढला. पेटी पाव तास पुढे होती.

आप्पा शेजारीच होते. मी विचारलं, "आप्पा, ह्या पेटीची वेळ कुणी लावली?"

"म्याच. मागं वीज पडली तवा तिचं घड्याळ पार भलत्याच सालात गेलं व्हतं. म्या माझ्या घड्याळाशी मिळवलं." त्यांनी मनगट पुढे केलं.

मी मोबाईलवर दुकानातल्या नव्या पेटीचं त्याच दिवशी सकाळचं चित्रण उघडलं आणि नव्या हमालाची सकाळची खेप काढली. दुकानातून तो निघाला ती वेळ आप्पांना दाखवली, मग जुन्या पेटीत तो गोदामाला पोचला ती. त्यालाही दोन वळणांना पाव तासाहून जास्त लागलेला. आप्पा म्हणाले, "आँ? ह्योबी?" मग मी त्याची परतीची खेप काढली. रिकामा गाडा घेऊन तो गोदामातून निघाला आणि दुकानात आला. दोन्ही वेळा आप्पांनी वाचल्या. पुन्हा वाचल्या. तो गोदामातून निघायच्या आधीच दुकानात पोचला होता.

मामांची परतीची खेप विलासनंही बघितली नव्हती आणि इतर कुणीही. भरलेला गाडा कुठे जातो ते सगळे बघतात. रिकाम्या गाड्याकडे कोण बघतंय?

आप्पा खताच्या पोत्यावर बसले. त्यांनी मनगटातलं घड्याळ काढून हातात धरलं. "बाबानं लोकांची गाडी चुकू नये म्हणून पुढं केलं व्हतं हे," एवढंच ते म्हणाले. मग उठून त्यांनी विलासला गाडी काढायला सांगितली आणि मला म्हणाले, "तुमी चला संगं. मला हे नीट सांगता येणार न्हाई."

झरीला पोचलो तेव्हा मामांच्या अंगणात त्यांची सून तुरीच्या शेंगा निवडत बसली होती. आप्पांना बघून ती उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला, पण चेहरा काही सैल केला नाही. मामा घरात होते. बाहेर येण्याआधीच आतून त्यांचा आवाज आला, "आता म्या कडी काढायलोय." मग कडी वाजली. "आता बाहीर यायलोय." मग मामा बाहेर आले.

मी सुनेकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "असंच करतेत. जे करायचं ते मोठ्यानं बोलून करतेत. कुणी तरी ऐकलेलं पायजे म्हणतेत. बैलाला पाणी पाजलं तरी मला येऊन दाखवतेत. एकल्यानं शेतात जायचं सोडलंय, कुठं थांबलो अन् याद ऱ्हायली न्हाई तर, म्हणतेत. डाक्टरला दाखवलं, त्यो म्हणला काई न्हाई. ह्यांचा इस्वास न्हाई बसला."

ते ऐकलं आणि मला एवढा वेळ न कळलेली गोष्ट कळली. आम्ही दोघं मामांवरचा चोरीचा आळ पुसायला आलो होतो. त्यांचं हरवलं होतं ते दुसरंच.

मामांनी आम्हाला बसायला सतरंजी टाकली. "सतरंजी टाकली बरं," ते सुनेला म्हणाले. वाळले होते. ओसरीच्या भिंतीला एक घड्याळ होतं, साधं, प्लास्टिकचं. मी सहज मोबाईलशी ताडून बघितलं आणि मला सांगायचं कसं ते सापडलं.

"मामा, तुमचं हे घड्याळ पुढं हाय."

"व्हय. पाव तास. दुकानच्या घड्याळासंगं मिळवलेलं हाय, तिथली सवय." मामा जरासे हसले. "जन्मभर गाडी पकडताना पाव तास वजा करायलो."

"मंग आता ऐका. गोदामाच्या पेटीचं घड्याळबी तसंच व्हतं. आप्पांनी त्यांच्या घड्याळाशी मिळवलेलं. दुकानातली नवी पेटी मात्र खरी वेळ दाखवायची. तुमी दुकानातून निघाला ती वेळ खरी, गोदामात पोचला ती वेळ आप्पांची."

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या मोबाईलकडे. त्यांचे ओठ हलत होते. ते वजा करत होते, जसं त्यांनी आयुष्यभर केलं होतं. मी आणखी काही समजावून सांगायला तोंड उघडलं, पण त्याची गरज पडली नाही.

"म्हंजे मी थांबलो न्हवतो," मामा म्हणाले.

"न्हाई."

"सरळच गेलो व्हतो."

"सरळच गेला व्हता मामा."

आप्पा एवढा वेळ खाली बघत बसले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "गंगाधर, माझं चुकलं. चारचौघांत तुला चोर केलं म्या. चारचौघांतच सांगतो. ये, तुझी किल्ली..."

मामांनी हातानं त्यांना थांबवलं. "चोरीचं सोडा आप्पा. तुमी चोर म्हणला, तवा मला ठाव व्हतं म्या चोर न्हाई. त्याचा राग आला, त्यो गेलाबी. पर मिशीननं त्यो पाव तास दाखवला, तवा मला माझंच ठाव न्हवतं. तवापून रोज हुडकायलोय त्यो पाव तास. पिंपळाखाली बसलो का, कुणाशी बोललो का. रातीला डोळा लागंना. माझी माय शेवटाला आमाला ओळखत न्हवती. मला वाटलं, आलं ते माझ्याबी वाट्याला." पंच्याच्या टोकानं त्यांनी तोंड पुसलं. "म्हंजे माझं डोकं जाग्यावर हाय, दिगंबरराव?"

"जाग्यावर हाय मामा. डोकं आमचं गेलं व्हतं."

सून दाराच्या चौकटीला धरून उभी होती, ती आत निघून गेली. आत भांडी वाजली. चहा ठेवायला गेली असावी, पण बराच वेळ स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला नाही.

आप्पांनी पुन्हा विषय काढला, दुकान, किल्ली, सकाळची गाडी. मामा म्हणाले, "येईन ना. येईन कधी तरी, चहाला." ते ज्या सुरात म्हणाले त्यावरून आप्पांना कळलं आणि मलाही. मामा दुकानात कामाला परत आले नाहीत. आप्पांनी भिंतीवरचं घड्याळ त्याच आठवड्यात खऱ्या वेळेला लावलं. जुनी गिऱ्हाइकं अजूनही त्यातून पाव तास वजा करतात आणि त्यांची एस.टी. चुकते. मग आप्पा आपल्या गाडीनं त्यांना सोडून यायला विलासला सांगतात.

मी आता कुठेही अर्धं काम घेतलं की आधी दोन्ही पेट्यांची घड्याळं एकमेकांशी ताडून बघतो. कॅमेरा खोटं बोलत नाही, हे वाक्य मी टाकून दिलं. गिऱ्हाइकाला सांगतो, कॅमेरा त्याला दिसलं तेवढंच सांगतो. आधी माणसाला विचारा. थोडा धंदा कमी होतो, होऊ दे.

त्या दिवशी चहा आला तेव्हा ऊन उतरलं होतं. मामांनी कप तोंडाला लावला, दोन घोट घेतले आणि एकदम काही तरी आठवल्यासारखा खाली ठेवला. उठले. ओसरीच्या खुंटीवरून दावं काढलं, खांद्यावर टाकलं, पायात चपला सरकवल्या आणि अंगणातून शेताच्या वाटेला लागले. तोंडातून एक शब्द नाही.

सून ताडकन उठली. "मामंजी, कुठं निघालाव?"

मामांनी मागे वळून बघितलं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली, जावं की नाही ते तिला कळेना. आप्पा म्हणाले, "जाऊ दे माय. बोलवू नको."

ती पुन्हा खाली बसली आणि शेंगा निवडू लागली. आप्पांनी चहाच्या कपात मान घातली. जन्मभर मी लोकांवर नजर ठेवायची यंत्रं लावत आलो, पण मामा गोठ्याला वळसा घालून शेताकडे गेले तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघत बसलो.